वतन, मुलाजमत आणि सीमा : बीदर-कलबुर्गी भागातील चाकरी सोडण्याचा इतिहास

'वतन' हा मूळचा अरबी शब्द राहण्याचे ठिकाण, मायभूमी या अर्थाचा आहे. परंतु दक्खनमधील सुलतानी राजवटींच्या कारभारातून तो मराठीत उतरला तेव्हा त्याला गावातील वंशपरंपरागत पद आणि त्या पदासाठी तोडून दिलेली जमीन व हक्क असा अर्थ आला. उर्दूत मात्र जुनाच अर्थ टिकून राहिला. बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांच्या सीमाभागात, म्हणजे भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या पट्ट्यात, कचेरीतील उर्दू, घरातील मराठी आणि बाजारातील कन्नड या भाषा शतकानुशतके एकमेकींना लागून नांदल्या, त्यामुळे येथील माणसाच्या कानावर 'वतन' हा शब्द दोन्ही अर्थांनी पडत असे. हाताशी असलेली कायमची चाकरी सोडावी की धरून राहावी, या प्रश्नाचा येथील इतिहास या दोन अर्थांच्या आधाराने नीट उलगडतो. जोवर पद आणि भूमी एकाच शब्दात सामावलेली होती तोवर हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. ती एकमेकांपासून वेगळी होत गेली तसतसा तो तीव्र झाला आणि १९५६ साली राज्याची सीमा या भागातून ओढली गेली तेव्हा तो शेकडो घरांत एकाच वेळी येऊन ठेपला.

वतनाची मुख्य पदे अशी : गावचा मुख्य आणि वसुलीला जबाबदार तो पाटील, गावचे दफ्तर राखणारा तो कुलकर्णी (निजामी कारभारात त्याला पटवारी म्हणत), आणि परगण्याच्या पातळीवर हीच कामे पाहणारे ते देशमुख व देशपांडे. ही पदे बापाकडून मुलाकडे जात, भाऊबंदांत वाटली जात, अडचणीच्या काळी गहाणही पडत, आणि त्यांच्याबद्दल तंटा उद्भवला तर गोतसभा, म्हणजे वतनदार, पंच आणि गावकरी यांची एकत्र बैठक, साक्षीपुरावे ऐकून जो निर्णय देई त्याचा महजर, म्हणजे सर्वांच्या निशाण्यांसह लिहिलेला निवाड्याचा कागद, तयार होई. या व्यवस्थेचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य असे की वतनदाराला पद सोडता येत असे, तरी पद त्याला सोडत नसे. दुष्काळाने किंवा धामधुमीने एखादे घराणे परागंदा झाले, तरी त्याचा हक्क बुडाला असे मानले जात नव्हते. एक-दोन पिढ्यांनंतर वंशज परत आला आणि गावाने त्याला ओळखले, तर तो आपले वतन मागू शकत असे. दूर गावी उद्योग करू पाहणाऱ्या कुलकर्ण्यासाठी गुमास्त्याची सोय होती. गुमास्ता म्हणजे वतनदाराच्या नावाने प्रत्यक्ष काम करणारा पगारी माणूस. दफ्तर त्याच्या हाती सोपवून वतनदार हैदराबादेत, सोलापुरात किंवा एखाद्या संस्थानिकाच्या पदरी चाकरी करू शके, आणि सणावाराला गावी आला की मानपान त्याचाच असे. राजीनामा न देता निघून जाण्याची ही मुभा आजच्या कोणत्याही नोकरीला नाही, आणि जुन्या माणसांना वतनाविषयी वाटणारी ओढ समजून घ्यायची तर उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा ही मुभा अधिक उपयोगी पडते.

पद प्रत्यक्ष सोडून देण्याच्या ज्या आठवणी या भागाने जपल्या आहेत, त्या हिशेबी निर्णयाच्या नसून आंतरिक ओढीच्या आहेत. बाराव्या शतकात कल्याणी येथे कलचुरी राजा बिज्जळाच्या भांडाराचा अधिकार सांभाळणारे बसवेश्वर शेवटी राजधानी सोडून कूडलसंगमाला गेले, आणि त्यांचे स्मरण आज बसवकल्याण या गावाच्या नावातच राहिले आहे. याच कल्याणीजवळ लाडवंती येथे १८१७ साली जन्मलेले माणिकप्रभू यांना त्यांच्या मामांनी जकातीच्या कामाला लावले होते आणि ते काम टाकून ते बाहेर पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे हुमनाबादजवळ त्यांनी वसवलेले माणिकनगर हिंदू-मुसलमान भक्तांचे मोठे केंद्र झाले. दामाजीपंतांची कथा मात्र वेगळी आहे आणि ती या विषयाला अधिक जवळची आहे. बीदरच्या बहमनी सुलतानाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी मोकळी केली आणि त्याचा भरणा करण्यासाठी साक्षात विठ्ठल बीदरच्या दरबारी गेला, असे परंपरा सांगते. या कथेतील दामाजी पद सोडत नाही. पदावर राहून, पदाचा अधिकार वापरून, तो पदाची शिस्त मोडतो. मराठी मनाला ही कथा इतकी जवळची वाटावी यात नवल नाही, कारण चाकरी सोडणे आणि चाकरीला शरण जाणे या दोहोंच्या मधली एक कठीण वाट ती दाखवते.

हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तेथे पद आणि भूमी यांची पहिली मोठी फारकत निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३ ते १८८३) झाली. त्याआधी वसूल मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या बोलीवर, खासगी मक्तेदारांना दिला जाई. सालारजंगांनी ती पद्धत मोडून १८६५ साली जिलाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत आखणी करून त्यांवर पगारी अधिकारी नेमले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम काढून घेण्यात आले आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना रुसूम, म्हणजे वसुलीच्या प्रमाणात ठरवलेली वार्षिक रोख रक्कम, मिळू लागली. पाटील-पटवारी गावपातळीवर राहिले, मात्र त्यांच्या वर तहसीलदार, तालुकदार (जिल्ह्याचा मुख्य अधिकारी) आणि सुभेदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड आली. गुलबर्गा हे सुभ्याचे ठाणे झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या फेररचनेनंतर गुलबर्गा, रायचूर, बीदर आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे त्या सुभ्यात राहिले. कारभाराची फारसी जाऊन १८८४च्या सुमारास उर्दू आली. या नव्या चाकरीला 'मुलाजमत' आणि ती करणाऱ्याला 'मुलाजिम' म्हणत, आणि तिची सगळी परिभाषा उर्दूच होती : बदली म्हणजे तबादला, रजा म्हणजे रुखसत, राजीनामा म्हणजे इस्तिफा आणि निवृत्तिवेतन म्हणजे वजीफा.

वतन आणि मुलाजमत यांतील भेद केवळ पगाराचा नव्हता. वतनदाराचे स्थैर्य गावाच्या ओळखीवर उभे होते, तर मुलाजिमाचे स्थैर्य सरकारी कागदावर. मुलाजिमाला गाव सोडावेच लागे, कारण तबादला हा त्या चाकरीचा स्वभाव होता, आणि त्याच्या बदल्यात महिन्याला ठरावीक हाली सिक्क्याचे रुपये (निजामी राज्याचे स्वतःचे नाणे, सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार) आणि म्हातारपणी वजीफा यांची हमी असे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण घराघरांत होती, तरी १८७६ ते १८७८च्या महादुष्काळाने होरपळलेल्या आणि पावसावर अवलंबून असलेल्या या मुलखात म्हणीची ही उतरण प्रत्यक्षात उलटी होत गेली. ज्वारी-तुरीचे पीक एका वर्षी बुडे आणि पुढची दोन वर्षे सावकाराकडे जात. वजीफ्याला मात्र पाऊस लागत नसे. ज्या कुटुंबात एक भाऊ गावी दफ्तर सांभाळी आणि दुसरा तहसिलीत कारकून होई, त्या कुटुंबाने दोन्ही प्रकारची सुरक्षितता एकत्र बांधलेली असे, आणि सीमाभागातील मध्यमवर्गाची घडण बऱ्याच अंशी अशा जोडघरांतून झाली आहे.

मुलाजमतीतही आत-बाहेरचा प्रश्न होताच. उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे स्थानिक लोक मागे पडतात ही तक्रार जुनी होती, आणि १९१९ सालच्या फर्मानाने राज्याच्या नोकऱ्या 'मुल्की', म्हणजे राज्याचा रहिवासी असलेल्या, माणसासाठी राखल्या. दीर्घकाळच्या वास्तव्यानेही मुल्कीपण मिळू शके. बीदरचा मराठी, रायचूरचा कन्नड आणि नलगोंड्याचा तेलुगू हे या नियमापुढे सारखेच मुल्की होते. भाषेने वेगळ्या असलेल्या माणसांना एका नोकरीच्या हक्काने बांधणारी ही ओळख पुढे किती झपाट्याने निरर्थक होणार आहे याची त्या काळी कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

१९३८ पासून नोकरी सोडणे या कृतीला नवा, राजकीय अर्थ आला. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे १९०३ साली जन्मलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते शाळेतून बाहेर पडले ते कायमचे. शिक्षकी सोडणाऱ्या संन्याशाच्या पाठीमागे संसार नव्हता, ही गोष्ट त्यांच्या त्यागाचे मोल कमी करत नाही. पण त्यांच्या हाकेला प्रतिसाद देणाऱ्या गृहस्थाश्रमी शिक्षकाचा, वकिलाचा किंवा कारकुनाचा निर्णय अधिक अवघड होता हे त्यामुळे ध्यानात येते. १९४८ साली रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांच्या निषेधार्थ राज्यातील अनेक वकिलांनी विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने न्यायालयांवर बहिष्कार घातला, तेव्हा त्यांनी आपली रोजची मिळकत सोडली होती आणि ती पुन्हा कधी सुरू होईल याची त्यांना खात्री नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखांदरम्यान भारतीय सैन्याने केलेल्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांतील मुसलमान वस्तीवर जी हिंसा ओढवली, तिची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि सर्वाधिक हानी याच चार जिल्ह्यांत झाल्याचे नोंदवले. रझाकारांनी केलेले अत्याचार जितके खरे, तितकेच हेही खरे आहे, आणि चाकरीच्या इतिहासात ते वगळणे अन्यायाचे होईल, कारण मुलाजमतीवर जगणाऱ्या अनेक मुसलमान घरांतील कर्ते पुरुष एकतर मारले गेले, नाहीतर पदावरून दूर झाले, नाहीतर हैदराबाद शहराकडे किंवा पाकिस्तानात निघून गेले. त्यांच्या बाबतीत 'नोकरी सोडण्याचा निर्णय' हे शब्द वापरणेही योग्य नाही. निर्णयासाठी किमान दोन वाटा खुल्या असाव्या लागतात. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९४९ रोजी, जहागिरी रद्द करणारा कायदा लागू झाला आणि कल्याणीच्या नवाबासारख्या जहागीरदारांच्या पदरी असलेल्या कारकून-शिपायांची पिढीजात चाकरीही मालकासह संपुष्टात आली.

इतक्या उलथापालथीनंतर १९५५ साल उजाडले. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी दिलेल्या अहवालात गुलबर्गा आणि रायचूर कर्नाटकाला, मराठवाडा मुंबईला आणि बीदर मात्र तेलंगणासह उरणाऱ्या हैदराबाद राज्यात ठेवावा, अशी शिफारस होती. त्या वेळच्या अखंड बीदर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांपैकी कोणत्याही एका भाषेला निर्विवाद बहुमत नव्हते, हे लक्षात घेतले तर या शिफारशीमागील अडचण समजते. त्यामुळे बीदरच्या कचेरीतील कर्मचाऱ्याने १९५५च्या दिवाळीत आपली चाकरी, आपले शहर आणि आपली राजधानी तीच राहणार असे गृहीत धरले असेल तर ते वाजवीच होते. वर्षभरात चित्र पालटले. ३१ ऑगस्ट १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचना कायद्याने बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला : अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याला (त्याचा मराठी भाग पुढे महाराष्ट्र झाला); नारायणखेड, निर्णा मंडळ वगळता जहीराबाद आणि बीदर तालुक्यातील न्याळकल मंडळ आंध्र प्रदेशाला; आणि भालकी, औराद, हुमनाबाद यांच्यासह उरलेला जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याला. गुलबर्ग्यातूनही कोडंगल आणि तांडूर हे तालुके आंध्रकडे गेले, आळंद म्हैसूरकडे राहिले. औरादहून उदगीरला जाणारा रस्ता पूर्वी होता तिथेच राहिला, परंतु त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना आता दोन सरकारे होती.

या कायद्याने नोकरवर्गाबाबत केलेली तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. कलम ११६ प्रमाणे, जो कर्मचारी ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या जागेवर काम करत होता, ती जागा दुसऱ्या राज्यात गेली, तर तो १ नोव्हेंबरपासून त्या राज्याने रीतसर नेमलेला कर्मचारी मानला गेला. भालकीचा गिर्दावर (महसुली मंडळाचा अधिकारी) किंवा औरादचा शिक्षक खुर्चीवरून न उठताच म्हैसूर सरकारचा नोकर झाला. कलम ११५ प्रमाणे विभागलेल्या राज्यांच्या सेवकांचे अंतिम वाटप केंद्र सरकारने करायचे होते, त्यासाठी आणि कर्मचाऱ्यांच्या निवेदनांचा न्याय्य विचार व्हावा यासाठी सल्लागार समित्या नेमायच्या होत्या, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या नव्हत्या. कायदा करणाऱ्यांनी माणसांचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ११ मे १९५७ रोजी केंद्राने राज्यांना पाठवलेल्या ज्ञापनाने या संरक्षणाची रेघ कुठे संपते ते स्पष्ट केले : पगार, रजा, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी या बाबतींत जुन्या शर्ती राखायच्या, मात्र प्रवासभत्ता, शिस्त, वर्तणूक आणि खात्यांतर्गत बढती यांचे नियम राज्ये आपल्यापुरते ठरवू शकतात. मद्रास राज्यातून म्हैसूरकडे आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढे हे ज्ञापन म्हणजे कायद्याने मागितलेली पूर्वसंमतीच होय, असे मानले. कर्मचाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आजचा पगार आणि म्हातारपणचा वजीफा सुरक्षित होता. मधली वीस-पंचवीस वर्षे, ज्यांत माणूस वर चढतो किंवा जागच्या जागी अडकतो, ती मोकळी सोडली होती.

याच मधल्या वर्षांचा विचार सीमाभागातील मराठी कर्मचाऱ्याला करायचा होता. जुन्या म्हैसूर संस्थानातील, मुंबई-कर्नाटकातील, मद्रासमधील, कुर्गमधील आणि हैदराबाद-कर्नाटकातील सेवकांची एकच ज्येष्ठता यादी, म्हणजे बढतीसाठीचा सेवाक्रम, तयार करताना कुठला नायब तहसीलदार कोणत्या पदाच्या बरोबरीचा धरायचा, या वादांना अनेक वर्षे लागली. त्यातच भाषा बदलत होती. या कर्मचाऱ्याचे सगळे कार्यालयीन शिक्षण उर्दूत झालेले, घरची भाषा मराठी, आणि वरिष्ठ कचेरी आता शेकडो किलोमीटर दूर बंगळूरला. १९६३च्या राजभाषा कायद्याने कन्नड कारभाराची भाषा ठरली आणि १९७४च्या नियमांनी कन्नड परीक्षेची अट पक्की झाली, तोवर १९५६च्या पिढीतील तरुण कारकून चाळिशी ओलांडून गेला होता. सीमेपलीकडे जायचे तर वाटपाच्या फेरविचारासाठी निवेदन देणे आणि वाट पाहणे, ही एक वाट होती. दुसरी वाट राजीनाम्याची. पण राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते, हे हिंदुस्थानातील सरकारी सेवानियमांचे सर्वसाधारण तत्त्व असल्याने पंधरा वर्षे चाकरी केलेल्या माणसाला पलीकडे पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले असते. जावे तर मुलांना मराठी शाळा, मराठी कचेरी आणि उदगीर-लातूरकडची सोयरीक. राहावे तर गावची जमीन, आईवडील, आणि सेवेची न तुटलेली वर्षे. एका पारड्यात वतनाचा मराठी अर्थ पडला होता आणि दुसऱ्यात त्याचा उर्दू अर्थ, आणि कोणत्या पारड्यात कोणता, हेही प्रत्येक घराला सारखे दिसत नव्हते, कारण गावी राहणाऱ्याची भाषा परकी होत होती आणि भाषेकडे जाणाऱ्याचे गाव.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या सार्वजनिक जीवनातही हीच रेघ उमटली. १९५२च्या पहिल्या लोकसभेत ते गुलबर्गा मतदारसंघातून निवडून गेले होते आणि हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे विसर्जन व्हावे असा त्यांचा आग्रह होता. १९५७ साली ते औरंगाबादमधून उभे राहिले आणि निवडून आले. सामान्य कर्मचाऱ्याला असा मतदारसंघ बदलता येत नव्हता. जे राहिले त्यांनी मोडी आणि उर्दूच्या जोडीला कन्नड लिपी गिरवली, वरिष्ठांना कन्नडमध्ये टिपणे लिहिली आणि घरी मुलांशी मराठी बोलणे चालू ठेवले. भालकी, औराद आणि बसवकल्याणच्या मराठी शाळा अशा घरांच्या बळावर टिकल्या. राहणे हे येथे भ्याडपणाचे किंवा सवयीचे लक्षण नव्हते. ज्या समाजाची ओळख कागदावर पुसट होत चालली होती, त्याच्या कचेऱ्यांत आणि वर्गांत मराठी जाणणारा माणूस शिल्लक ठेवण्याचे काम राहणाऱ्यांनी केले, आणि सीमालढ्याच्या, म्हणजे हा मराठी भाग महाराष्ट्राला जोडावा या चळवळीच्या, इतिहासात त्यांना मोर्चे काढणाऱ्यांइतकीच जागा मिळायला हवी.

मूळ वतनाचा शेवट १९६०च्या दशकात झाला. म्हैसूर राज्याचा गावकामगार पदे रद्द करणारा १९६१चा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला, वंशपरंपरागत पाटील-कुलकर्णी पदे संपली, पदाशी निगडित जमिनी सरकारजमा होऊन ठरावीक रक्कम भरल्यावर पूर्वीच्या धारकांना परत देण्याची सोय झाली, आणि दफ्तर पगारी ग्रामलेखापालाकडे गेले. यातील न्याय निर्विवाद होता, कारण जन्मावर आधारलेल्या पदाने कित्येक पिढ्या गावातील इतरांना दफ्तराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते आणि महार, तळवार (गावराखे) यांसारख्या खालच्या वतनदारांना तर हक्कापेक्षा राबणूकच अधिक वाट्याला आली होती. मात्र गावाने ओळखले की परत मिळणारे पद त्या दिवशी नाहीसे झाले आणि यापुढे सोडलेली जागा ही कायमची सोडलेली जागा ठरली.

१९५६ साली घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांची मुदत त्या पिढीबरोबर संपली नाही. दोन राज्यांतील सीमातंट्यासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, आणि बीदर-कलबुर्गीतील गावांवरचा दावा आजही न्यायालयात आहे. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात राहून १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेले. २०१२च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आले आणि हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे आता कल्याण-कर्नाटक म्हटल्या जाणाऱ्या भागातील, सरकारी जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. स्थानिक कोण हे जन्मावरून किंवा ठरावीक वर्षांच्या वास्तव्यावरून ठरवून तसे प्रमाणपत्र दिले जाते. १९१९च्या फर्मानातील मुल्की जवळपास शतकाने अशा रीतीने परतला, परंतु तीन भाषांऐवजी एका राज्याच्या हद्दीत. १९५६ साली भालकीच्या कचेरीत राहिलेल्या कारकुनाच्या नातवाला हे प्रमाणपत्र मिळते. त्याच कचेरीतून निघून उदगीरला स्थायिक झालेल्या त्याच्या भावाच्या नातवाला, ज्याचे वडीलही उदगीरलाच जन्मले, ते मिळत नाही, आणि दोघांची सामाईक वडिलोपार्जित जमीन आजही भालकी तालुक्यातच आहे.